मुळगुंदांची आवड

पराग मुळगुंदांना एखादी वस्तू मनापासून आवडली, की ती वस्तू बाजारात फार दिवस टिकत नसे. हे आधी लक्षात आलं ते त्यांच्या बायकोच्या. आल्याची एक प्रकारची बिस्किटं मिळायची, चहात बुडवली तरी मान न टाकणारी. मुळगुंदांनी त्यांचे डझनभर पुडे आणून ठेवले आणि दोन महिन्यांत ती बिस्किटं बंद झाली. पाठोपाठ लवंगेच्या चवीची टूथपेस्ट गेली. मग त्यांनी हौसेने घेतलेल्या विजेवरच्या स्कूटरचे सुटे भाग मिळेनासे झाले. बातम्यांचं एक न किंचाळणारं चॅनेल होतं, त्याची वर्गणी मुळगुंदांनी वर्षभरासाठी भरली आणि त्याच आठवड्यात चॅनेलने प्रेक्षकांचा निरोप घेतला.

"तुला मी आवडले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं," वृषाली म्हणायची.

मुळगुंद हसण्यावारी न्यायचे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते आणि सांगलीत विश्रामबागेला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवराबायको सुखाने राहत होते. आपली आवड चोखंदळ आहे आणि जगाला चव उरलेली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ते आठवड्यातून एकदा तरी हे मत ऐकवायचे. मंडळींना ते पाठ झालं होतं.

त्यामुळे पत्र आलं तेव्हा त्यांना नवल असं वाटलं नाही. जगभर दुकानं असलेल्या एका कंपनीचं ते पत्र होतं. अब्जावधी ग्राहकांमधून अत्यंत मोजके 'संकेत-ग्राहक' निवडले आहेत आणि आपण त्यांपैकी एक आहात, असं शुद्ध मराठीत लिहिलेलं होतं. सोबत एक हलकं, राखी रंगाचं घड्याळ होतं. ते तीन वर्षं हातात घालायचं आणि घरी येतील त्या नव्या वस्तू वापरून बघायच्या, एवढंच काम.

"बघ," मुळगुंद वृषालीला म्हणाले. "कुणीतरी ओळखलं."

"वाचून सही कर. सतरा पानं आहेत."

त्यांनी पहिली दोन वाचली आणि सही केली.

मग घरी खोकी यायला लागली. फिनलंडचे लोकरीचे मोजे, ब्राझीलच्या कॉफीचा अर्क, कोरियाचा डोक्याला लावायचा साबण, जयसिंगपूरच्या एका नव्या कारखान्याचं लसणाचं भडंग. मुळगुंदांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रत्येक वस्तूबद्दल ते जुन्या सवयीने, नकाशावर लिहायच्या नेटक्या अक्षरात शेरा लिहून ठेवू लागले. शेरे कुणी मागितले नव्हते. पण दर चार महिन्यांनी घड्याळ तपासायला कंपनीची एक मुलगी यायची, तिच्या हातात ते सगळे कागद द्यायचे आणि ती बिचारी ते पिशवीत घालून न्यायची. तिचं नाव रेवती कुलथे. कोल्हापूरला संख्याशास्त्र शिकलेली, बोलायला मऊ.

तिसऱ्या खेपेला मुळगुंदांनी तिला विचारलं, "ते फिनलंडचे मोजे आता मिळतात का गं? एक जोड अजून हवा होता."

"नाही, काका. ते आलेच नाहीत बाजारात."

"आणि ती कॉफी?"

"तीही नाही."

"भडंग तरी? जयसिंगपूर काय लांब नाही, मी जाऊन आणतो."

रेवतीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "काका, तुम्ही करारातली पाचवी पुरवणी वाचली नाहीत, होय ना?"

मग तिने जे सांगितलं ते असं. पंचवीस-तीस वर्षांत जगभरची दुकानं एकमेकांसारखी झाली. सांगलीच्या फडताळावर जे आहे तेच चिलीतल्या आणि केनियातल्या फडताळावर. कोट्यवधी माणसांची आवड घासून घासून एका अरुंद पट्ट्यात आली होती. कंपनीने वीस वर्षांची बिलं एकत्र करून यंत्राला विचारलं, की यशस्वी होणारी वस्तू सगळ्यांआधी कोण उचलतं? यंत्राला नीट उत्तर सापडेना, कारण यशाला जाहिरात लागते, हंगाम लागतो, नशीब लागतं. पण प्रश्न उलटा विचारल्यावर उत्तर लख्ख आलं. पडणारी वस्तू सगळ्यांआधी उचलणारी माणसं जगात होती, आणि ती नेहमी तीच असायची. त्यांची आवड वाईट नव्हती, फक्त एकटी होती. पट्ट्याच्या बाहेर आणि कायम तेवढ्याच अंतरावर. अशा माणसाला एखादी गोष्ट मनापासून आवडली, की बाकीच्या जगाला ती आवडणार नाही, हे शंभरात चौऱ्याण्णव वेळा खरं ठरायचं.

बिलांसाठी वर्षभर थांबावं लागायचं, म्हणून घड्याळ आलं. आवडीला होकार आधी शरीर देतं, मनाला तो नंतर कळतो. नाडीचे ठोके जरासे मोकळे पडतात, त्वचेवर ओल येते, श्वास खाली उतरतो. जिभेने खोटं बोलता येतं, पण मनगटाला ते जमत नाही. यंत्र हे सगळं टिपून त्याची एक हिरवी रेघ काढायचं. त्या यंत्राचं नाव होतं 'कल'.

मुळगुंदांनी मनगटावरचं घड्याळ फिरवून पाहिलं. तोंडात मारल्यासारखं झालं होतं त्यांना. ज्याला ते आपली पारख समजत होते ती जगाच्या दृष्टीने पांढऱ्या पायाची निघाली होती.

"म्हणजे मला आवडलं की तुम्ही ती वस्तू बंद करता."

"मी नाही करत, काका. कल करतो. सांगलीच्या या सगळ्या पट्ट्यात तुमच्यासारखे तिघंच आहेत, आणि तुमची रेघ सगळ्यांत अचूक आहे."

"पण मला आवडली म्हणून तुम्ही ती बाजारात आणलीच नाहीत, तर ती चालली असती की पडली असती, हे कळणार कसं?"

रेवतीने दाराकडे पाहिलं. "हे मी ट्रेनिंगमध्ये विचारलं होतं. ते म्हणाले, तेव्हापासून अचूकता शंभर टक्के झाली आहे."

ती गेल्यावर मुळगुंदांनी उरलेलं भडंग कागदात गुंडाळून ठेवलं. जयसिंगपूरच्या त्या कारखान्यात किती माणसं असतील, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तो दोन दिवस गेला नाही.

शर्वरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. कापडशास्त्र शिकून तिने चार वर्षं एका मोठ्या गिरणीत नोकरी केली आणि मग सोडून दिली. तिला जुन्या सुती लुगड्याचा मऊपणा नव्या कापडात आणायचा होता. असा मऊपणा पंधरा-वीस वर्षं धुतल्यावर येतो, धाग्याच्या वरची बारीक लव झिजून. शर्वरीने एक पाचक रस शोधला होता. तो ती लव तीन दिवसांत अलगद खाऊन टाकायचा आणि धागा शाबूत ठेवायचा. माधवनगरला एक शेड भाड्याने घेऊन, त्या कापडाचे चार पदर हातशिलाईने जोडून ती पातळ चौघडी बनवायला लागली होती. तिच्या हाताखाली आठ बाया होत्या. त्यांतल्या शबाना मुजावर आणि आणखी तिघी तिच्या शब्दावर गिरणीतली पक्की नोकरी सोडून आल्या होत्या. चौघडीचं नाव तिने 'दुपार' ठेवलं होतं.

एका रविवारी सकाळी ती उड्या मारतच घरी आली. त्याच जगभरच्या कंपनीने 'दुपार' चाचणीसाठी घेतली होती. तीनशे घरांमध्ये दोन महिने वापर, आणि कलने मान डोलावली तर चाळीस देशांतल्या दुकानांत.

"आणि नाही डोलावली तर?" वृषालीने विचारलं.

"तर शेड बंद, आई. इथल्या दुकानदारांना आता कलचा शिक्का नसलेलं नवं काही ठेवायलाच परवानगी नसते, तुला माहीत आहे. पण डोलावेल."

मुळगुंदांच्या घरात एक रीत होती. हाताने केलेल्या कुठल्याही गोष्टीचा पहिला नग देवापुढे आणि दुसरा बाबांच्या हातात. शर्वरीने सातवीत विणलेला रुमाल, पहिल्या पगाराचे पेढे, सगळं त्याच वाटेने गेलेलं. तिने एक चौघडी देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवली, नमस्कार केला आणि दुसरी दोन्ही हातांवर घेऊन वडिलांपुढे उभी राहिली. फिकट हळदीचा रंग, कडेला बारीक निळा धावदोरा.

मुळगुंदांनी हात पुढे केले आणि मध्येच मागे घेतले.

"ठेव तिथं," ते म्हणाले. "हात ओले आहेत माझे."

हात ओले नव्हते. शर्वरीने चौघडी दिवाणावर ठेवली आणि नाश्ता करून, थोडीशी गोंधळून, निघून गेली.

दार लागताच त्यांनी रेवतीला फोन लावला. मला यातून मोकळं करा, म्हणाले. रेवतीने त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकेक वाट बंद होत गेली. करार मध्येच सोडला, तर सोडण्याच्या वेळी घरात असलेली प्रत्येक नवी वस्तू आवडीची धरली जायची. घड्याळ काढून ठेवलं, तर ते लपवणं ठरायचं आणि लपवलेली आवड दुप्पट मोजली जायची. मुलीला सांगून टाकावं, तर ज्याने वस्तू बनवली त्याला संकेत-ग्राहक कोण हे कळल्याबरोबर वस्तू चाचणीतून बाद.

"चौघडी घराबाहेर दिली तर?"

"ती तुमच्या घरी आली याची नोंद घड्याळाने केलीय, काका, तीनशे घरांत आता तुमचं घरही धरलंय. तिला घरात साठ दिवस राहावं लागेल."

"मग मी करू काय?"

"आवडू देऊ नका," रेवती म्हणाली. तिला दुसरं काही सुचत नसावं.

मुळगुंदांनी वृषालीला सगळं सांगितलं आणि दोघं दिवाणावरच्या चौघडीपासून हातभर अंतर ठेवून खुर्च्यांवर बसली.

"दोष काढू या," वृषाली म्हणाली. "तुझ्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नकाशांत काढायचास तसे. रंग कसा आहे?"

"छान आहे."

"अरे, छान नाही म्हणायचं."

"फिकट आहे. धुतला की जाईल."

"शिलाई?"

मुळगुंदांनी चष्मा लावून लांबूनच शिलाई पाहिली. एका हाताने, एका लयीत घातलेले टाके होते, वितीला किती हे मोजून घ्यावेत असे. त्यांच्या मनगटावर घड्याळ किंचित थरथरलं. ते घाईघाईने उठून गॅलरीत गेले आणि समोरच्या गटारीकडे बघत उभे राहिले. वृषालीने चौघडी घडी करून कपाटात सगळ्यात वर, डांबराच्या गोळ्यांच्या डब्यामागे ठेवली.

पुढच्या रविवारी शर्वरी आली ती आल्या आल्या दिवाणाकडे बघत.

"कुठाय माझी चौघडी?"

"कपाटात," वृषाली म्हणाली. "चांगली वस्तू म्हणून जपून—"

"जपायला नाही दिली, आई. बाबा, अंगावर घेऊन बघितलीस तरी का?"

मुळगुंद पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरला होता. "घेतली होती. जड होते. आणि टोचते."

"टोचते?"

"अंगाला टोचते. वयामुळे असेल."

शर्वरी उभीच होती. तिच्या कापडाला कुणी काहीही नाव ठेवलं असतं तरी टोचतं असं म्हणणं शक्य नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

"दहावीत मी एक भोपळ्यासारखा हत्ती काढला होता," ती म्हणाली. "त्याला तू छान म्हणाला होतास. तेवढं खोटं तर बोलायचंस."

मुळगुंदांनी पान उलटलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. शर्वरी चहा न घेता गेली, आणि मग सहा रविवार ती आली नाही. आईला फोन करायची, पाच मिनिटांचा. बाबांची चौकशी करायची आणि बाबांना फोन देऊ नकोस म्हणायची.

ते सहा आठवडे मुळगुंदांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. लेक दुखावली आहे याचं दुःख होतं, पण त्या दुःखातही एक बरं होतं, की घड्याळावरची रेघ सपाट होती. रोज संध्याकाळी ते कॅलेंडरवर एक दिवस खोडायचे. चाचणी संपली की माधवनगरला जाऊन सगळ्या बायांसमोर तिला सांगायचं, वाटलं तर कान धरून, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आठ दिवस उरले असताना वृषालीला डोळे तपासायला मिरजेला जायचं होतं. पौषातले दिवस, बाहेर ऊन आणि घरात गारवा. मुळगुंदांनी एकट्याने ताकभात खाल्ला आणि वामकुक्षीला दिवाणावर डाव्या कुशीवर लवंडले. वीस मिनिटांत उठायचा त्यांचा नेम होता, तो तीस वर्षांत मोडला नव्हता.

त्या दिवशी त्यांना झोप लागली ती वेगळीच. लहानपणी आजारातून उठल्यावर लागते तशी. काही स्वप्न नाही, कूस बदलणं नाही, अंगावर कुणाचा तरी हलका हात असल्यासारखं काहीतरी आणि खूप खोलवर सगळं ठीक आहे अशी खात्री. जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवरून पार दारापर्यंत सरकली होती. चार वाजत आले होते.

त्यांनी हात हलवला आणि बोटांना कापड लागलं.

हळदीच्या रंगाची चौघडी त्यांच्या खांद्यापर्यंत होती, पायांखाली नीट खोचलेली. समोरच्या खुर्चीत शर्वरी मांडीवर फाइल घेऊन बसली होती.

"शेडचे कागद न्यायला आले होते," ती म्हणाली. "माझ्याकडची किल्ली होती. कपाटात ही दिसली. तू हात गुडघ्यांत घालून झोपला होतास, थंडीने आखडून. म्हणून घातली."

मुळगुंदांनी हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"दोन तास झोपलास, बाबा. मी बघत होते. कपाळावरची ती आठी आहे ना तुझी, तीसुद्धा गेली होती." ती हसत होती. "टोचत होती का रे?"

सहा आठवड्यांनी लेक त्यांच्याकडे बघून हसत होती. मुळगुंदांनी चौघडीखालून डावा हात बाहेर काढला. घड्याळावर हिरवी रेघ अशी चढत गेली होती, की ती मावण्यासाठी यंत्राने आपणहून मोजपट्टी बदलली होती. आत्ता या क्षणीही ती चढतच होती. अंगावरची चौघडी फेकून द्यावी असं त्यांना वाटलं, पण मुलगी समोर बसली होती आणि अंगाला ऊब होती आणि त्यांच्यात तेवढं बळ नव्हतं.

"चहा टाकू?" शर्वरीने विचारलं.

वृषाली मिरजेहून परत आली, दारातच थबकली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला सगळं कळलं. ती हातपाय धुवायला गेली.

निकाल नवव्या दिवशी आला. दोनशे नव्याण्णव घरांमधून बरेवाईट, नेहमीसारखे अभिप्राय होते. खाली एका ओळीत कारण होतं: संकेत-ग्राहक, सांगली पट्टा, एकशे अठरा मिनिटं, आजवरची सर्वोच्च नोंद. सबब ही वस्तू दुकानांत घेता येत नाही.

शर्वरी कागद घेऊन आली तेव्हा चाचणी संपली होती आणि सांगायला बंदी उरली नव्हती. मुळगुंदांनी तिला समोर बसवून पहिल्या पत्रापासून सगळं सांगितलं. त्यांचं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आवडली होती?"

"आयुष्यात इतकं काही आवडलं नव्हतं."

शर्वरी रडली. वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. त्यात शेड बुडाल्याचं किती आणि वडिलांना आवडल्याचं किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मुळगुंद तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. वृषालीने दोघांसमोर पाण्याचे पेले ठेवले आणि तीही तिथेच जमिनीवर टेकली.

"मला घालवून द्या कुठंतरी," मुळगुंद म्हणाले. "मुंबईला पाठवा नाहीतर नर्मदेच्या काठी."

"काही नको," शर्वरी डोळे पुसत म्हणाली. ती त्यांच्यापेक्षा व्यवहारी होती. "कंपनीने दुसरं काम देऊ केलंय. पॉलिएस्टरची चादर, वर चमकी आणि इंग्रजी अक्षरं. कलनेच काढून दिलेला नमुना आहे, मला फक्त शिवून द्यायचा. मी घेणार आहे. त्या आठ जणींना मी काय तोंड दाखवू नाहीतर."

"बरोबर आहे."

"फक्त एक कर, बाबा." तिने त्यांचा हात धरला, घड्याळ असलेलाच. "यापुढे माझ्या कामाचं काही विचारू नकोस. शेडवर येऊ नकोस. मी काय करते, कसं चाललंय, काही कळून घेऊ नकोस. चादर तुला आवडणार नाहीच, पण माझं बरं चाललंय हे ऐकून तुला बरं वाटेल ना, तेही नको."

मुळगुंदांनी मान हलवली. मुलीचं भलं व्हावं म्हणून बापाने काय काय करावं याचा त्यांनी आयुष्यात पुष्कळ विचार केला होता. काही कळून घेऊ नये, ही गोष्ट त्यात नव्हती.

रविवारी मात्र ती यायची. ते तिने सोडलं नाही. चार वाजता यायची, तासभर बसायची आणि तिघं कृष्णेच्या पाण्याबद्दल, वृषालीच्या मोतीबिंदूबद्दल, शेजारच्यांच्या नव्या कुत्र्याबद्दल बोलायची. मध्ये शर्वरीचा फोन वाजला की ती जिन्यात जाऊन बोलायची आणि मुळगुंद टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा परत आत येताना तिचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी मान फिरवून भिंतीकडे पाहिलं.

अशा दुसऱ्या की तिसऱ्या रविवारनंतर, सोमवारी सकाळी रेवतीचा फोन आला.

"काका, काल चार ते पाच फार मोठी नोंद आहे. कुठली वस्तू होती?"

"वस्तू कसली? मुलगी आली होती."

पलीकडे रेवतीचं टाइप करणं थांबलं. "काका, कलला माणूस लिहिता येत नाही. त्याला वस्तूच लागते. आणि तुमची मुलगी आता कंपनीची नोंदणीकृत उत्पादक आहे. मी रकाना रिकामा सोडला तर त्या तासात घरात कोण आलं ते बघून तो आपणहून तिच्या चादरीचं नाव भरेल."

मुळगुंदांनी आजूबाजूला पाहिलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ओट्यावर गवती चहाचं पाकीट होतं, मिरजेचे एक गृहस्थ घरच्या घरी सुकवून विकायचे ते. गेली अकरा वर्षं मुळगुंदांची सकाळ त्याच्याशिवाय सुरू झाली नव्हती; त्यांना आवडूनही बाजारात टिकलेल्या मोजक्या वस्तूंपैकी तो एक.

"गवती चहा," ते म्हणाले. "मिरजेचा. काल नव्याने प्यायल्यासारखा लागला."

"लिहिते," रेवती हळूच म्हणाली.

दीड महिन्यात तो चहा दुकानातून उठला. वृषालीने कारण विचारलं नाही. तिने दुसऱ्या कुठल्यातरी पाकिटातला चहा केला, आणि मुळगुंदांनी तो नाव न ठेवता प्यायला. पण शर्वरीचं येणं थांबलं नव्हतं, त्यामुळे सोमवारचे फोनही थांबले नव्हते. पुढच्या खेपेला त्यांनी आपली पेन्सिल दिली. मऊ शिशाची ती पेन्सिल एकाच कारखान्याची मिळायची आणि अजूनही दुपारी ते तिने जुन्या कालव्यांची रेखाटनं काढायचे. त्याच्या पुढच्या खेपेला पंचा दिला, मग दुपारी रेडिओवर लागणारा नाट्यपदांचा अर्धा तास. चौथ्या की पाचव्या वेळी उत्तर द्यायला त्यांना फार वेळ लागला, तेव्हा रेवती म्हणाली, "काका, आदल्या दिवशीच ठरवून ठेवत जा. म्हणजे अडखळायला होत नाही. अडखळणंसुद्धा नोंदलं जातं."

तेव्हापासून ते शनिवारीच ठरवतात.

कालही वृषालीने आतून सांगितलं, "शर्वरीचा फोन होता. उद्या येतेय, चार वाजता. आवाज छान होता तिचा," आणि लगेच जीभ चावली. मुळगुंद उठले. त्यांनी स्वयंपाकघरातलं फडताळ उघडून पाहिलं, न्हाणीघरात साबण पाहिला, पुस्तकांच्या कपाटासमोर थोडा वेळ थांबले. एकेक वस्तू हातात घेऊन ते परत जागेवर ठेवत होते. आवडत्या म्हणाव्यात अशा आता फार उरल्या नव्हत्या. जपून वापरल्या, तर दिवाळीपर्यंतचे रविवार निघाले असते.